चार्जिंगचा ब्लेंडर, बटणावर हलणारा पलंग आणि युरोपचा नवा यंत्रनियम : रुग्णांनी आणि घरच्यांनी काय समजून घ्यावे?

हँड ब्लेंडरच्या पात्यात बोट सापडलेली व्यक्ती डॉक्टरांसमोर येते तेव्हा तिचे पहिले वाक्य बहुतेक वेळा ठरलेले असते : "डॉक्टर, माझंच चुकलं." प्लग काढायचा राहिला, पात्यात अडकलेले काढताना दुसऱ्या हाताचा अंगठा बटणावर गेला, लक्ष दुसरीकडे होते. सोबत आलेले घरचेही तेच म्हणतात, "हिला कितीदा सांगितलं!" डॉक्टर जखम धुतात, टाके घालतात, धनुर्वाताचे इंजेक्शन देतात आणि विषय तिथेच संपतो.

पण पाते साफ करताना चुकून बटण दाबले जाणे ही चूक खरोखर इतकी अनपेक्षित आहे का, की यंत्र बनवणाऱ्याने तिचा विचारच करू नये? या दुखापतीचा नमुना सगळीकडे सारखाच दिसतो. यंत्र चालू स्थितीत जोडलेले, एका हातात मूठ, दुसऱ्या हाताचे बोट पात्यापाशी, आणि इजा बहुधा तर्जनीला. जी चूक जगभर एकाच पद्धतीने घडते, तिला फक्त 'निष्काळजीपणा' म्हणून सोडून देणे बरोबर नाही.

युरोपीय संघाच्या यंत्रसुरक्षा कायद्याने या प्रश्नाला एक स्पष्ट उत्तर दिले आहे. तो कायदा आता बदलतो आहे. २००६ सालच्या यंत्र निर्देशाची (२००६/४२) जागा नवा यंत्रनियम (२०२३/१२३०) घेत असून तो लागू होण्याची तारीख २० जानेवारी २०२७ आहे. घरातल्या छोट्या उपकरणांपैकी कोणती या नियमात येतात आणि कोणती येत नाहीत, याची मांडणी थोडी गमतीची आहे, आणि रुग्णांच्या दृष्टीने महत्त्वाचीही.

हे आपल्याला कशाला हवे?

युरोपचा कायदा भारतात लागू होत नाही, हे आधीच स्पष्ट करू. तरी तीन प्रकारच्या वाचकांचा त्याच्याशी थेट संबंध येतो. पहिले, जर्मनी, नेदरलँड्स, आयर्लंड अशा देशांत राहणारे मराठी वाचक. दुसरे, ज्यांची मुले तिथून येताना आई-वडिलांसाठी ब्लेंडर, भाजी कापायचे यंत्र किंवा मालिशचे उपकरण आणतात ते; विजेचा दाब दोन्हीकडे २३० व्होल्ट असल्याने ही उपकरणे इथे सहज चालतात. तिसरे म्हणजे 'सीई' खूण पाहून ऑनलाइन वस्तू विकत घेणारे आपण सगळे. शिवाय या कायद्यामागचा विचार समजला, तर कोणतेही यंत्र घरात आणताना काय पाहायचे ते आपोआप कळते.

व्होल्टची रेष

युरोपात भिंतीच्या प्लगवर चालणारी घरगुती उपकरणे, म्हणजे मिक्सर, वॉशिंग मशीन, व्हॅक्यूम क्लीनर, यंत्र निर्देशाखाली येत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा 'लो व्होल्टेज' निर्देश (२०१४/३५) आहे. तो ५० ते १००० व्होल्ट एसी आणि ७५ ते १५०० व्होल्ट डीसी या पट्ट्यातल्या उपकरणांना लागू होतो.

आता चार्जिंगवर चालणारा हँड ब्लेंडर घ्या. त्याची बॅटरी ७५ व्होल्टच्या कितीतरी खाली असते. म्हणून तो लो व्होल्टेज निर्देशात बसत नाही, आणि तिथे बसत नाही म्हणून तो यंत्र निर्देशाखाली येतो. एकाच दुकानात, एकाच फळीवर ठेवलेले दोन ब्लेंडर. पाते तेच, वेग जवळपास तोच, बोटाला धोका तोच. पण वायरवाला एका कायद्याखाली आणि बिनवायरचा दुसऱ्या. बिनवायरच्या ब्लेंडरचा चार्जर मात्र भिंतीला लागतो, म्हणून तो पुन्हा पहिल्या कायद्याखाली!

यात आणखी एक गुंता होता. वायफाय किंवा ब्लूटूथ असलेल्या उपकरणांना रेडिओ उपकरणांचा निर्देश (२०१४/५३) लागतो. त्यामुळे वायफाय असलेले वॉशिंग मशीन लो व्होल्टेज निर्देशातून बाहेर पडत होते, आणि जुन्या यंत्र निर्देशातली सूट फक्त लो व्होल्टेजवाल्यांना असल्याने ते कागदोपत्री 'यंत्र' ठरत होते. असे व्हावे असा कुणाचा हेतू नव्हता. नव्या नियमाने ही चूक दुरुस्त केली आहे. रेडिओ निर्देशाखाली येणारी घरगुती उपकरणेही आता यंत्रनियमाच्या बाहेर राहतील.

पण त्याचा उलटा परिणामही पाहा. रेडिओ निर्देशाला व्होल्टची खालची मर्यादा नाही. म्हणजे नव्या नियमानंतर चार्जिंगवर चालणारा साधा झाडूरोबो यंत्रनियमात राहील, आणि त्याचाच वायफायवाला भाऊ बाहेर जाईल. वैद्यकीय नजरेतून पाहिले तर या रेषेला काही अर्थ नाही. बोट कापते ते पाते. ते किती व्होल्टवर फिरते याने जखमेची खोली ठरत नाही.

'यंत्राचा गैरवापर' कुणी ओळखायचा?

मग या दोन कायद्यांत फरक काय? सगळ्यात महत्त्वाचा फरक एका कल्पनेत आहे. यंत्रसुरक्षेचा कायदा उत्पादकाला सांगतो की, यंत्र ज्या कामासाठी बनवले तेवढ्याचाच विचार करून थांबू नका. माणसाच्या सहज वागण्यातून होणारा, आधी अंदाज बांधता येईल असा चुकीचा वापरही धोक्यांच्या यादीत धरा. लो व्होल्टेज निर्देशाची भाषा वेगळी आहे. तिथे उपकरण नीट जोडलेले, नीट निगा राखलेले आणि ज्यासाठी बनवले त्याच कामासाठी वापरलेले असेल, तर ते सुरक्षित असावे, असे म्हटले आहे.

यंत्रसुरक्षेचा कायदा उपायांचा क्रमही ठरवून देतो. आधी रचनाच अशी करा की धोका राहणार नाही. ते शक्य नसेल तर झाकण, कुलूप, आपोआप बंद होणारे बटण असे संरक्षण द्या. एवढे करूनही जो धोका उरेल, त्याबद्दलच सूचना लिहा. म्हणजे "पाते साफ करताना काळजी घ्या" हे वाक्य शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. रचना सुधारणे शक्य असताना नुसती सूचना छापून जबाबदारी झटकता येत नाही.

याच कायद्यात आणखी दोन गोष्टी आहेत. यंत्र फक्त माणसाने जाणूनबुजून दिलेल्या आज्ञेनेच सुरू झाले पाहिजे. आणि त्याला ऊर्जेपासून पूर्ण तोडण्याची सोय हवी. वायरच्या मिक्सरला हे सोपे आहे, कारण प्लग काढला की झाले. बिनवायरच्या ब्लेंडरला प्लगच नसतो. ऊर्जा आतच बसलेली असते. "प्लग काढ आणि मग धू" ही आपल्या हाताला लागलेली सवय तिथे कामाची नाही. त्यामुळे अनेक बिनवायरच्या ब्लेंडरना एका बटणाऐवजी दोन हालचाली कराव्या लागतात : आधी कुलूप सोडायचे, मग चालू करायचे. वापरताना हे कटकटीचे वाटते, पण ती कटकट बोटासाठी आहे.

इथे एक गैरसमज टाळू. वायरचे मिक्सर युरोपात मोकाट सोडलेले नाहीत. लो व्होल्टेज निर्देशातही यांत्रिक धोके येतातच. प्रत्यक्ष कसोट्या ठरतात त्या ईएन ६०३३५ या मानकांच्या मालिकेतून, आणि तिचा स्वयंपाकघरातल्या यंत्रांसाठी स्वतंत्र भाग आहे. हे मानक दोन्ही प्रकारच्या ब्लेंडरसाठी वापरले जाते. भारतातली आयएस ३०२ ही मालिका याच आंतरराष्ट्रीय मानकावर, आयईसी ६०३३५ वर, बेतलेली आहे.

माहितीपुस्तकातले एक वाक्य, जे रुग्णांनी वाचायलाच हवे

याच मानकात रुग्णांशी थेट संबंध असलेला एक फरक दडलेला आहे. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे छापल्या जाणाऱ्या सूचनेचा आशय असा असतो : शारीरिक, ज्ञानेंद्रियांची किंवा मानसिक क्षमता कमी असलेल्या व्यक्तींसाठी हे उपकरण नाही, त्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी असणाऱ्याने देखरेख केली किंवा शिकवले असेल तरच अपवाद. युरोपच्या आवृत्तीत वाक्याची दिशा उलटी केली आहे. अशा व्यक्ती हे उपकरण वापरू शकतात, त्यांना सुरक्षित वापर शिकवलेला असावा किंवा कुणाची देखरेख असावी, आणि धोका त्यांना समजलेला असावा. स्वयंपाकघरातल्या यंत्रांपासून मुलांना मात्र दूरच ठेवायचे आहे.

वरवर पाहता दोन्ही वाक्यांत अटी त्याच आहेत. पण पहिले वाक्य 'नाही, पण...' असे आहे, तर दुसरे 'हो, मात्र...' असे. थरथरणाऱ्या हाताचा पार्किन्सनचा रुग्ण, बोटे आखडलेला संधिवाताचा रुग्ण, मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झालेले आजोबा, पक्षाघातानंतर एका हाताने स्वयंपाक करणाऱ्या काकू, ही माणसे घरात आहेत हे दुसऱ्या वाक्यात गृहीत धरलेले आहे. आणि ती वापरणार हे गृहीत धरले, की यंत्र त्यांच्यासाठीही सुरक्षित करावे लागते.

तुमच्या मिक्सरच्या पुस्तकात यापैकी कोणते वाक्य आहे ते आज काढून पाहा. पहिले असेल तर मिक्सर वाईट आहे असे नाही. पण तो वापरणाऱ्या आजारी किंवा वयस्क माणसाला कुणीतरी शेजारी बसून शिकवायला हवे, हे तुमच्या लक्षात येईल.

बटणावर हलणारा पलंग आणि खुर्ची

नव्या यंत्रनियमातला एक छोटा शब्दप्रयोग घरी रुग्ण सांभाळणाऱ्यांसाठी मोलाचा आहे. घरगुती उपकरणांना सूट देताना नियमात म्हटले आहे की, ही सूट विजेवर चालणाऱ्या फर्निचरला नाही. म्हणजे बटण दाबल्यावर पाठ उचलणारा पलंग, पाय वर घेणारी आरामखुर्ची, उभे राहायला मदत करणारी खुर्ची यांना युरोपात यंत्रनियम लागतो, जरी ती भिंतीच्या प्लगवर चालत असली तरी. आधी याबाबत जो संदिग्धपणा होता, तो आता उरला नाही.

याचे कारण वैद्यकीय अनुभवाला पटणारे आहे. मिक्सरचे पाते दिसते, त्याची भीती वाटते. पलंगाची आणि खुर्चीची भीती कुणालाच वाटत नाही. पण सांध्यांमधल्या, पायपट्टीखालच्या फटीत बोट, मनगट किंवा लहान मुलाचे डोके अडकू शकते, आणि मोटरला ते कळत नाही. स्मृतिभ्रंश झालेला रुग्ण स्वतःच रिमोट दाबत राहतो. संवेदना गेलेल्या पायाला चिमटा बसला तरी रुग्णाला ते समजत नाही.

रुग्णालयातला पलंग हा वेगळा प्रकार. तो वैद्यकीय उपकरण म्हणून विकला जात असेल, तर त्याला युरोपचा वैद्यकीय उपकरणांचा नियम (२०१७/७४५) लागतो, आणि यंत्रासारखा धोका असल्यास यंत्रसुरक्षेच्या अटीही पाळाव्या लागतात. घरी पलंग भाड्याने आणताना एक आकडा लक्षात ठेवा : १२० मिलिमीटर, म्हणजे साधारण पावणेपाच इंच. कठड्याच्या दोन दांड्यांमधली किंवा कठडा आणि गादी यांमधली फट याहून कमी असावी, नाहीतर कृश रुग्णाचे डोके त्यात अडकू शकते. गादी बदलली, पातळ घातली किंवा पलंगापेक्षा अरुंद आणली की ही फट वाढते. पलंग आला की टेप घेऊन मोजा.

सीई खूण : काय सांगते, काय सांगत नाही

'सीई' दिसले की 'युरोपने पास केले' असे आपण समजतो. ते तसे नाही. घरगुती उपकरणांच्या बाबतीत बहुतेक वेळा उत्पादक स्वतःच तपासण्या करतो, कागदपत्रे तयार करतो आणि स्वतःच्या जबाबदारीवर ही खूण लावतो. कोणत्याही सरकारी प्रयोगशाळेने ती दिलेली नसते. युरोपात बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणा नंतर तपासणी करून धोकादायक वस्तू मागे घ्यायला लावतात. भारतात थेट विकल्या जाणाऱ्या वस्तूवरची 'सीई' तपासायला ती यंत्रणा येत नाही, म्हणून इथे त्या खुणेचे वजन आणखी कमी होते.

आपल्याकडची आयएसआय खूण भारतीय मानक ब्युरोच्या परवान्यावर मिळते. तिच्यासोबत 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो आणि तो ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर तपासता येतो. खूण आहे पण क्रमांक नाही, किंवा क्रमांक दुसऱ्याच वस्तूचा निघाला, तर ते उपकरण घेऊ नका.

युरोपात राहणाऱ्या वाचकांसाठी दोन सोयी आहेत. 'सेफ्टी गेट' या सार्वजनिक संकेतस्थळावर धोकादायक ठरलेल्या वस्तूंच्या नोंदी पाहता येतात. दुसरी सोय सूचनांची. नव्या यंत्रनियमाने सूचनापुस्तक डिजिटल देण्याची मुभा दिली आहे, पण यंत्र सामान्य ग्राहकासाठी असेल तर सुरक्षिततेची आवश्यक माहिती कागदावरच द्यावी लागते. खरेदी करतानाच मागितले तर पूर्ण पुस्तकही कागदावर मोफत मिळाले पाहिजे. घरात वयस्क माणसे असतील तर ते जरूर मागा.

मग सगळ्याच छोट्या उपकरणांना यंत्रनियम लावावा का?

याच्या विरोधातला मुद्दा खोटा नाही. कसोट्या शेवटी एकाच मानकातून येत असतील, तर दोन कायद्यांचे कागद वाढवून काय साधणार? खर्च वाढेल, किंमत वाढेल, आणि नियम पाळणारा प्रामाणिक उत्पादकच मागे पडेल. ज्याला पाळायचे नाही तो आधीचाही नियम पाळत नव्हता.

बाजूचा मुद्दा मात्र मला अधिक वजनदार वाटतो. मानके समित्या लिहितात आणि कायदा त्या समित्यांना दिशा देतो. कायद्याने "माणूस चुकणार आहे, हे धरून चाला" असे सांगितले तर मानकही त्या दिशेने कडक होते. कायद्याने "नीट वापरले तर सुरक्षित" एवढेच म्हटले, तर दोष वापरणाऱ्यावर ढकलायला जागा राहते. फिरते पाते किंवा चिमटा बसवणारा सांधा असलेल्या प्रत्येक घरगुती उपकरणाला, व्होल्ट कितीही असोत, 'अंदाज बांधता येईल असा गैरवापर' ही कसोटी लागावी. त्यासाठी संपूर्ण यंत्रनियम लावण्याची गरज नाही. ही एक कसोटी सगळीकडे सारखी केली तरी पुरे. आणि तपासणी करणारी यंत्रणा सक्षम नसेल, तर कोणताही नियम कागदावरच राहील, हेही तितकेच खरे.

घरी आजपासून काय कराल?

• चार्जिंगच्या ब्लेंडरचे पाते धुण्याआधी पात्याचा दांडा मोटरपासून वेगळा करा. बॅटरी निघत असेल तर तीही काढा. दांडा वेगळा होत नसेल असे मॉडेल घेऊच नका.

• पात्यात अडकलेले बोटाने कधीच काढू नका. लाकडी चमचा किंवा ब्रश वापरा, तोही यंत्र तोडल्यानंतरच.

• भांडे बसवल्याशिवाय सुरू होणारा मिक्सर, किंवा खटका खराब झाल्याने दाबून धरावा लागणारा मिक्सर, दुरुस्त करा किंवा बाद करा.

• पार्किन्सन, संधिवात, मधुमेहातील बधिरपणा, कमी दृष्टी असेल तर मोठे बटण असलेले, टेबलावर स्थिर राहणारे यंत्र निवडा. हातात धरायचे टाळा.

• हलणाऱ्या पलंगाचा किंवा खुर्चीचा रिमोट स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाच्या हाताशी ठेवू नका. खाली आणण्याआधी वाकून पाहा. खेळणारी मुले तिथेच सापडतात.

जखम झालीच तर

१. आधी वीज तोडा. प्लग किंवा बॅटरी काढा.

२. बोट पात्यात अडकले असेल तर ओढू नका, पाते उलटे फिरवू नका. दांडा मोटरपासून वेगळा करून तसेच रुग्णालयात या.

३. स्वच्छ कापडाने सलग १० ते १५ मिनिटे दाबून धरा, हात छातीच्या वर ठेवा. मधेमधे उघडून पाहू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आणखी वेळ लागेल. त्या गोळ्यांचे नाव डॉक्टरांना सांगा.

४. हळद, कॉफी पूड, टूथपेस्ट लावू नका. अंगठी सूज येण्याआधी काढा.

५. तुकडा तुटला असेल तर तो ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवू नका.

६. बोट वाकवता किंवा सरळ करता येत नसेल, टोक बधिर किंवा पांढरे पडले असेल, तर जखम लहान दिसली तरी शिरा (टेंडन), मज्जातंतू किंवा रक्तवाहिनी कापलेली असू शकते. त्याच दिवशी हाताच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी जा. ऑपरेशन लागण्याची शक्यता असल्याने वाटेत काही खायला-प्यायला देऊ नका. इन्सुलिन चालू असेल तर पोहोचताच सांगा.

७. धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले ते आठवून सांगा.

आणि घरच्यांना एक विनंती. जखमी माणसाला "तुझंच चुकलं" म्हणू नका. चूक होणारच, हे धरून यंत्र बनवायला हवे होते. ते उपकरण पुन्हा वापरायला घेण्याआधी, त्याच्या रचनेमुळे तीच चूक पुन्हा होईल का, एवढे मात्र सगळ्यांनी मिळून तपासा.